रविवारची गोळी

बर्मिंगहॅम, अलाबामा
९ मार्च २००९

थेरॉन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडायला निघाला असशील, तर थांब. मी माफी मागायला लिहीत नाहीये आणि तुझ्याकडून मागतही नाहीये. डोर्सी हॉस्पिटलमध्ये आहे. एवढं वाचलंस, आता पुढचंही वाच.

तुझा जुना फोन बंद आहे आणि नवा नंबर तू मला दिलेला नाहीस. पत्ता मिळाला तो तुझ्या बायकोने डोर्सीला नाताळात पाठवलेल्या कार्डावरून. कॅरिनवर चिडू नकोस. भावांमध्ये कार्डांपुरतं तरी बोलणं राहावं असं वाटणारी बाई आहे ती, दुसरं काय.

झालं ते असं. मार्चचा पहिला रविवार होता. शेवटचं भजन चालू असताना ऑर्गन मधेच थांबला. कॉयर तसंच गात राहिलं. मला वाटलं, पान पडलं असेल, म्हणून डोर्सी वाकलाय. तो वाकलेलाच राहिला. रेव्हरंड ग्लॅडनींना वाटलं, त्याच्या अंगात पवित्र आत्मा आला. त्यांनी हात वर करून सगळ्यांना टाळ्यांचा जोर वाढवायला सांगितलं. लोकांनी वाढवला. मदर पेटवे पांढऱ्या हातमोज्यांनी पंखा घेऊन धावली आणि वारा घालत म्हणाली, "येऊ दे बाळा, अडवू नकोस, येऊ दे!" आपला भाऊ गुदमरत होता आणि अख्खं चर्च आनंदाने नाचत होतं. मी जवळ गेले तेव्हा त्याचे ओठ राखेसारखे झाले होते.

जानेवारीत त्याला दम लागायचा म्हणून इमर्जन्सीत नेलं होतं, तेव्हा तिथल्या डॉक्टरने दमा म्हणून तोंडात मारायचा पंप देऊन घरी पाठवलं होतं. तो दमा नव्हता. त्याचं हृदय सुजून मोठं झालंय आणि पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलंय. निम्म्याच्या वर असायला हवं, असं म्हणाले. नवी डॉक्टरीण तरुण आहे. तिने त्याचं वय दोनदा विचारलं. सदतीस, दोन्ही वेळा सदतीसच.

तिने मला विचारलं, "प्रेशरच्या गोळ्या नियमित घेतात का हे?" मी छाती पुढे काढून सांगितलं, घेतो तर! आमच्या चर्चमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रेशर मोजतात, याचं कायम नमुन्यासारखं निघतं. डॉक्टरणीने डोर्सीकडे पाहिलं. डोर्सीने छताकडे पाहिलं.

"रविवारी घेतो," तो म्हणाला.

"आणि सोमवारी?"

"सोमवारी शाळा असते."

त्यातली एक गोळी पाणी काढणारी आहे. घेतली की दर अर्ध्या तासाला लघवीला धावावं लागतं. चाळीस पोरांच्या हातात ट्रम्पेट देऊन मास्तर बाहेर गेला तर वर्गाचं काय होईल ते तूच बघ. म्हणून हा शहाणा शनिवारी आणि रविवारी सकाळी गोळ्या घ्यायचा, प्रवचन चालू असताना हळूच उठून जाऊन यायचा, आणि आठवडाभर नाही. का, तर मोजणीच्या दिवशी पट्टा बांधणाऱ्या मदर पेटवेसमोर मान खाली जायला नको. तुला आठवत असेलच, ज्याचा आकडा चांगला त्याचं नाव व्यासपीठावरून पुकारतात, टाळ्या पडतात, आणि जेवणाच्या रांगेत तो पहिला उभा राहतो. तळलेल्या कोंबडीचा चांगला तुकडा त्याला.

"सिस," तो मला म्हणाला, नाकात नळी, तरी हसतोय, "अर्धं कॉयर रविवारचंच आहे."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हॉस्पिटल होतं म्हणून वाचला.

आता कामाचं. औषधं रोज घेतली तर हृदय सुधारू शकतं, असं डॉक्टरीण म्हणते. नाही घेतली तर काय, ते ती सांगत नाही, आणि मी विचारलं नाही. डोर्सी मान डोलावतो. तो मला आयुष्यभर मान डोलावत आलाय. ऐकतो तो फक्त तुझं. लहान असून तूच त्याच्यावर दादागिरी करायचास. त्याने मला बजावलंय, "थेरॉनला कळवू नकोस, तो भाषण देईल." मला तेच भाषण हवंय.

चार वर्षांपूर्वी आईच्या अंत्यसंस्कारात तू बोललास ते मी विसरलेले नाही. दोन मिनिटं आठवणी सांगायला दिली होती आणि तू सांगितलंस की आईला देवाने बोलावलं नाही, तिने गोळ्या बाजूला ठेवून नुसती प्रार्थना केली म्हणून ती गेली. शवपेटी उघडी होती, थेरॉन. मी तुझ्या हातातून माईक काढून घेतला आणि आजही घेईन. पण तू हॉस्पिटलला फोन कर.

व्हर्लीन


२ एप्रिल २००९

थेरॉन,

डोर्सी हॉस्पिटलमधून माझ्याकडे आल्यावर तू त्याला फोन केलास. मला केला नाहीस, ते मी धरून चाललेच होते. त्याने स्पीकर चालू ठेवला होता, हे तुला ठाऊक नव्हतं.

"शाळेत मास्तर मुतायला जातो याची लाज वाटते तुला? मग मेल्यावर शाळा दोन दिवस बंद राहील ते चालेल?"

"दोन दिवस नाही देणार रे. फार तर अर्धा."

तुम्ही दोघं हसत सुटलात. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. चार वर्षांनी तुझं हसणं ऐकलं. बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही.

गोळ्या आता तो रोज घेतो. मुख्याध्यापिकेला मीच भेटले आणि बँडच्या वर्गावर एक बाई बसवून घेतल्या. मीठ बंद केलंय. त्याची पालेभाजी मी डुकराच्या हाडाशिवाय शिजवते, आणि तो ती गवत चघळावं तशी खातो.

पण त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. अर्धं कॉयर रविवारचंच आहे. म्हणून एका बुधवारी संध्याकाळी मी मदर पेटवेला गाडीत घातलं, पट्टा आणि यंत्र घेतलं, आणि न सांगता लोकांच्या घरी गेलो. कॉयरमधला ब्रदर क्लेमन्स ओसरीवर चिप्स खात बसला होता. आम्हाला बघून पोलीस आल्यासारखा उठला. "आज? आज तर बुधवार आहे!" म्हणाला. रविवारी ज्याच्यासाठी आम्ही टाळ्या वाजवल्या, त्याचा बुधवारचा आकडा बघून मदर पेटवे त्याच्याच पायरीवर खाली बसली. वय एकेचाळीस. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्याही घरी तेच. सिस्टर ओडेलने तर दार उघडलं नाही, आतून ओरडली, "मी झोपलेय!"

परतताना मदर पेटवे पट्टा मांडीवर गुंडाळत राहिली. तिने पंचवीसेक वर्षं मोजलंय, प्रेमाने मोजलंय. तिची चूक नाही. लाज वाटू नये म्हणून माणसं तिला फसवत होती आणि ती त्यांना पहिल्या रांगेत उभं करत होती.

मी रेव्हरंडना सांगितलं, नावं पुकारणं बंद करा. ते म्हणाले, "सिस्टर व्हर्लीन, लोकांना उत्तेजन नको का?" मी म्हटलं, उत्तेजनाने माझा भाऊ ऑर्गनवर आडवा झाला. त्यावर त्यांनी घसा साफ केला. टाळ्या बंद झाल्यात. कोंबडी अजून चालू आहे. एका वेळी एकच लढाई.

तू विचारशील, मला हे सगळं आधी कसं कळलं नाही, मी तर रोज हेच काम करते. ऐक. आमच्या हृदयविकाराच्या पाहणीत हजारो लोक आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तरुण, धडधाकट असताना निवडले, निम्मे काळे, निम्मे गोरे. मी त्यांना फोन करते. गोऱ्यांच्या घरी बहुतेक तोच माणूस फोन उचलतो आणि गुडघ्याची तक्रार सांगतो. आपल्या लोकांच्या घरी कितीदा तरी बायको उचलते. मग मी ठरलेलं वाक्य म्हणते, ऐकून वाईट वाटलं, आणि तो गेल्याची तारीख विचारते. त्यापलीकडे बोलायची परवानगी नाही. "अरे देवा" म्हटलं तरी वरून समज मिळते. गेल्या महिन्यात मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला आतापर्यंतचं निघालेलं वाचून दाखवलं. पन्नाशीच्या आत ज्यांचं हृदय थकलं, ते जवळपास सगळे काळे. आणि ऐन विशीत त्यांचं प्रेशर थोडं वर होतं. थोडंच. कोणी मनावर घेतलं नव्हतं, कारण वय काय तर पंचवीस! डॉक्टर वाचत होते आणि टेबलावर मफिन होते. मी एक खाल्लासुद्धा. मग बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले.

घरच्यांची मुलाखत घरच्यांनी घ्यायची नसते, असा आमचा नियम आहे. म्हणून डोर्सीला मी कधी विचारलं नाही. तुलाही विचारलेलं नाही. तू कधी मोजलंस?

व्हर्लीन


२१ जून २००९

थेरॉन,

तुझं पत्र आलं. चार ओळी, त्यातल्या दोन हवामानावर. तरी मी ते दोनदा वाचलं.

"माझी काळजी करू नकोस, मी रोज पळतो, डुकराचं मांस सोडून सहा वर्षं झाली, मीठ आमच्या टेबलावर नसतं." वाचून मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. आपल्यात एक तरी शहाणा निघाला. मोजलंस का, याचं उत्तर मात्र त्यात नाही.

डोर्सीचं पंपिंग वर आलंय. डॉक्टरीण खूश आहे. तो परत ऑर्गनवर बसतो, निम्मा वेळ. उरलेला निम्मा सिस्टर ओडेलची पुतणी वाजवते आणि डोर्सी तिच्याकडे असा बघतो की आजारापेक्षा तिच्या वाजवण्याचाच त्याला जास्त त्रास होत असावा.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी होमकमिंग आहे. गावोगावी गेलेले सगळे परत येतात. तूही यावंस, असं डोर्सी म्हणतो. कॅरिनला घेऊन ये. लोक गोरी सून बघतील, कुजबुजतील, मग पीचचं गोड कॉबलर आलं की विसरतील. रेव्हरंडनी तुझं नाव काढलं परवा. "तो मुलगा वाईट नव्हता, वेळ वाईट निवडली," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

मी म्हणतेय, असं समजायला हरकत नाही.

व्हर्लीन


१७ ऑगस्ट २००९

थेरॉन,

तू एक दिवस आधी निघून गेलास. विमानात बसून तू मनातल्या मनात सगळी गोष्ट बदलली असशील. म्हणून जे झालं ते मी लिहून पाठवते. तुझ्या पाठीमागे काय झालं, तेही.

कोणी तुला बसवलं नव्हतं. चर्चच्या तळघरात मदर पेटवे डोर्सीचं प्रेशर मोजत होती आणि तो नेहमीसारखा कुरकुरत होता. तू कोट काढलास, बाही वर केलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "ऊठ. पळणाऱ्या माणसाचं प्रेशर कसं असतं ते बघा सगळे." बायका हसल्या. मीही हसले. तुला तसं फुशारून बसलेलं बघून मला लहानपणचा तू आठवलास आणि माया आली.

मदर पेटवेने हवा सोडली. ती आकडा नेहमी मोठ्याने सांगते. या वेळी तिने कानातून स्टेथोस्कोप काढला आणि म्हणाली, "बाळा, तू आत्ता जिना उतरून आलास का?"

"अर्धा तास झाला."

तिने दुसरा हात घेतला. मग मला हाक मारली. मी मोजलं. एकशे ब्याण्णव, खालचा एकशे अठरा. डोर्सीचा त्याच्या सगळ्यांत वाईट दिवशीही एवढा आला नव्हता.

"यंत्र बिघडलंय," तू म्हणालास.

तेव्हा कॅरिनने बिचारीने काय केलं, तर तुझी बाजू घ्यायला म्हणून ती त्याच खुर्चीत बसली. तोच पट्टा, तोच हात. एकशे बारा. तुम्ही एका ताटात जेवता, दोघंही पळता. ती बसल्या जागी लालबुंद झाली, जणू तिने काही चोरलं होतं.

मदर पेटवे तुला म्हणाली, "या यंत्राने तुझ्या आईचंही खरंच सांगितलं होतं." ती कुजकटपणे बोलली नाही. तिचे डोळे भरले होते, पण तू तिच्याकडे बघत नव्हतास. ताट तसंच टाकून तू वर गेलास.

तुझ्या पाठीमागे डोर्सी तुझ्या खुर्चीत जाऊन बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. लोकांनी त्याला जेवायला बोलावलं. तो म्हणाला, "मला वाटत होतं, आपल्यातला एक सुटला."

मलाही तेच वाटत होतं. डॉक्टरला दाखव. हृदयाची इको काढून घे. प्रेशर एवढं असेल तर नुसत्या गोळीवर भागत नाही, आत काय झालंय ते बघावं लागतं.

व्हर्लीन


३ सप्टेंबर २००९

थेरॉन,

तू फोन उचलत नाहीस. डोर्सीचाही नाही. कॅरिनने मात्र मला फोन केला. पहिल्यांदाच. आधी हवामान, मग माझी तब्येत, मग गप्प. मी कामावर असते तशी थांबून राहिले. माणसं शेवटी बोलतात.

तिने सांगितलं की दोन वर्षांपूर्वी तुझ्या ऑफिसातल्या तपासणीत हेच निघालं होतं. तू म्हणालास, कॉफी जास्त झाली होती. पुन्हा गेला नाहीस. म्हणजे तुला माहीत होतं, थेरॉन! डोर्सीला फोनवर झापत होतास तेव्हाही माहीत होतं.

आणखी एक सांगितलं तिने. तू पळायला जाताना तिथल्या मोठ्या विद्यापीठाचं नाव छापलेला भडक शर्टच घालतोस. हाडं गोठवणाऱ्या थंडीतही डोक्यावर हूड घेत नाहीस. समोरून कोणी आलं की वेग कमी करतोस, हात हलवतोस, हसतोस. अंधार पडायच्या आत परततोस. तिला वाटायचं, माझा नवरा किती मनमिळाऊ! एकदा शर्ट धुवायला टाकला होता म्हणून तू पळायला गेलाच नाहीस, तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. सांगताना रडली ती. म्हणाली, "मी त्याच रस्त्यावर जुन्या पायजम्यात पळते."

डॉक्टर लोक म्हणतात, कारण पक्कं सांगता येत नाही. कोणी मिठाला धरतं, कोणी रक्तातल्या गुणाला. मी फोनवर फक्त विचारते, कारणं शोधणं माझं काम नाही. पण काळ्या माणसाने व्यायाम म्हणून पळायचं आणि तेही दर घराशी आपण चोर नाही हे दाखवत, तर त्यात हृदयाला विसावा कुठून मिळणार, एवढं मला कळतं.

आता डोर्सीचं. तू उचलत नाहीस म्हणून मी लिहिते. त्याने परवा जाहीर केलंय: "थेरॉन इको काढत नाही तोवर मी गोळी घेणार नाही." मी ओरडले, समजावलं, डॉक्टरणीची भीती घातली. तो म्हणाला, "त्याला कळव, बाकी काही नको." तो हट्टाला पेटला की कसा असतो ते तू जाणतोस.

कळवलं.

व्हर्लीन


१० सप्टेंबर २००९

थेरॉन,

आठवडा होऊन गेला. डोर्सीला गोळी घेताना मी पाहिलेलं नाही. त्याचे पाय सुजलेत का ते मला विचारू नकोस. शाळेत जातो. ऑर्गनवर बसतो.

तू चिडला असशील की हा कसला दमदाटीचा प्रकार. आहेच. तू त्याच्याहून लहान, पण आयुष्यभर त्याला वाकवत आलास. आता तो तुला वाकवतोय, आणि त्याच्याजवळ दुसरं काही नाही, फक्त स्वतःचा जीव आहे. तो त्याने टेबलावर ठेवलाय.

मी दोघांच्या मधे उभी आहे आणि मला दोघांचाही राग येतोय. इतका की काल कामावर एका बाईला मी ठरलेला प्रश्न विचारायचा सोडून म्हटलं, "अहो, डॉक्टरकडे जा ना!" समज मिळाली.

तू गेलास की नाही एवढंच कळव. एक शब्द पुरे.

व्हर्लीन


२९ सप्टेंबर २००९

थेरॉन,

परवा फोनवर मी नीट बोलले नाही, म्हणून लिहिते.

तुझा फोन आला तेव्हा डोर्सी माझ्याकडेच होता, म्हणून मी स्पीकर लावला. मी त्याचा चेहरा बघत होते. तू म्हणालास, "पंपिंग चौतीस टक्के." मग तू म्हणालास की दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, काही कळतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वर्षभर उशीर केला असता तर आमच्या हातात फारसं राहिलं नसतं. डोर्सी एवढंच म्हणाला, "आता रोज. सोमवारीसुद्धा." आणि मग तुम्ही दोघंही रडलात. चौतीस वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या माणसाला मी असं हमसून रडताना ऐकलं नव्हतं.

आता त्या दमदाटीचं. डोर्सीने एकही दिवस गोळी चुकवली नाही. तो तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. जेवायला आला आणि तासाभरात दोनदा उठून बाथरूमला गेला. पाणी काढायची गोळी पोटात असल्याशिवाय कोणी एवढं धावत नाही. त्यानेही ओळखलं की मी ओळखलंय, आणि आम्ही दोघं मूग गिळून बसलो. गोळी घेताना पाहिलं नाही असं मी लिहिलं होतं, ते खरंच होतं. आधी न घेता घेतो म्हणायचा, आता घेऊन नाही म्हणत होता. चीड हवं तेवढं. तू चिडलेला पण जिवंत असलास तर मला चालेल.

तू शेवटी मला विचारलंस, "आणि तुझं किती आहे, सिस?" मी म्हटलं, दुसऱ्या फोनवर कोणीतरी आहे, आणि ठेवला. दुसरा फोन वाजत नव्हता.

माझं कोणी मोजतच नाही, थेरॉन. बुधवारी मी पट्टा घेऊन दारोदार जाते, दिवसभर लोकांना विचारते, चढताना थांबावं लागतं का, रात्री उशी उंच लागते का. ज्याच्या हातात प्रश्न असतात त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. आणि मला ते बरं वाटत होतं. दोन हिवाळे झाले, ऑफिसचा जिना मी एका दमात चढलेले नाही. मधल्या मजल्यावर पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करते. बेचाळीस म्हणजे काही वय नाही, असं मी मनाशी म्हणायचे. हेच वाक्य फोनवर किती जणांच्या बायकांनी मला ऐकवलं असेल.

मी फोन ठेवल्यावर डोर्सी उठला, माझ्याच पिशवीतलं यंत्र काढलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. मी म्हटलं, जेवण गार होतंय. तो म्हणाला, "होऊ दे." पट्टा त्याने उलटा बांधला, मग सुलटा बांधला. आकडा बघून त्याने मला तो सांगितला नाही, नुसता माझा हात धरून बसला. मी स्वतः वाकून पाहिला. तुझ्यापेक्षा जास्त आहे.

गुरुवारी सकाळी इको आहे. तंत्रज्ञ विचारेल ते सगळं मला पाठ आहे. उत्तरं द्यायची सवय नाही.

मला भीती वाटतेय. हे मी डोर्सीला सांगितलेलं नाही. त्याच्या हृदयावर आधीच पुरे ओझं आहे. तुझ्याही आहे, पण तुला सांगितल्याशिवाय राहवेना. मार्चमध्ये मी तुला डोर्सीसाठी बोलावलं होतं. या वेळी माझ्यासाठी ये.

व्हर्लीन